विदुषी आग्नेस पोकेल्स

थोर स्त्रीपुरुषांचीं चरित्रें वाचीत असतां आपल्या मनांत नकळत एक समजूत दृढ होत जाते. ती ही कीं, मोठें कार्य व्हावयास मोठीं साधनें लागतात: विद्यापीठाची पदवी, सुसज्ज प्रयोगशाळा, विद्वान् गुरु आणि पाठीशीं द्रव्य. ही समजूत सर्वस्वी खोटी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. शिक्षकाच्या पेशांत आयुष्य घालविणाऱ्यास साधनांची किंमत चांगलीच ठाऊक असते. परंतु ज्या बाईंचें चरित्र आज आम्ही आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें ठेवीत आहों, त्यांस यांपैकीं एकही साधन लाभलें नव्हतें. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे घरचें स्वयंपाकघर, त्यांचें मुख्य उपकरण म्हणजे टिनाचें एक लांबट भांडें, आणि अभ्यासाचा वेळ म्हणजे आजारी आईबापांच्या शुश्रूषेंतून उरेल तेवढा. तथापि पाण्यावरील तेलकट तवंग त्यांनीं ज्या रीतीनें मोजला, त्याच रीतीनें पुढें शास्त्रज्ञांनीं सजीव पेशीच्या आवरणाचे पदर मोजले. हें कसें घडलें तें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम त्या तवंगाविषयींच दोन शब्द सांगितले पाहिजेत. तुपकट ताट पाण्यांत बुडवितांच पाण्यावर एक पातळ, चकचकीत पापुद्रा पसरतो, हें घरोघर रोज दिसतें. आणि रोज दिसतें म्हणूनच त्याकडे कोणी निरखून पाहत नाहीं. अमेरिकेचे प्रख्यात मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनीं मात्र पाहिलें. इंग्लंडांत असतांना क्लॅपम येथील एका तळ्यावर त्यांनीं चमचाभर तेल ओतलें, तेव्हां तें पसरत पसरत सुमारें अर्ध्या एकरावर गेलें, आणि वाऱ्यानें उठणाऱ्या लहान लाटा तेवढ्या भागांत शांत झाल्या. हा वृत्तान्त १७७४ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. चमचाभर तेल अर्धा एकर व्यापतें, तर त्याची जाडी किती असावी? भागाकार करून पाहिला असतां असें दिसतें कीं, एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील दोन किंवा तीन भागांइतकी ती असली पाहिजे. म्हणजे तो तवंग अवघ्या एका रेणूच्या उंचीचा होता! परंतु हा भागाकार फ्रँकलिन यांनीं केला नाहीं. तवंगाचें खरें मोजमाप व्हावयास आणखी शंभरांवर वर्षें लागावयाचीं होतीं, आणि तें काम एका जर्मन मुलीच्या वांट्यास यावयाचें होतें.

आग्नेस पोकेल्स हिचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजीं वेनिस शहरीं झाला. त्या काळीं वेनिस ऑस्ट्रियाच्या सत्तेखालीं होतें व तिचे वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यांत अधिकारी होते. उत्तर इटलीच्या त्या दलदलीच्या प्रदेशांत हिवतापाचा उपद्रव फार. वडिलांची प्रकृति त्या तापानें कायमची खालावली, व १८७१ सालीं नोकरींतून निवृत्त होऊन तें कुटुंब उत्तर जर्मनींतील ब्राउनश्वाइग या गांवीं राहावयास आलें. आग्नेस तेव्हां नऊ वर्षांची होती. त्यानंतरचें सारें आयुष्य तिनें याच गांवीं काढलें.

गांवांतील मुलींच्या शाळेंत तिचें शिक्षण झालें. सृष्टिविज्ञानाची, विशेषतः पदार्थविज्ञानाची, तिला विलक्षण गोडी होती. परंतु शाळेचा अभ्यासक्रम संपला तेथें तिची वाटही संपली. त्या वेळीं जर्मन विद्यापीठांचीं दारें स्त्रियांस बंद होतीं. पुढें तीं किलकिलीं झालीं तेव्हां आईबापांनींच तिला न जाण्याविषयीं विनविलें, कारण घरांत दोघेंही आजारी आणि हाताशीं एवढी एकच मुलगी. तिनें तें मानलें. तिच्याहून तीन वर्षांनीं लहान असा फ्रीडरिश नांवाचा भाऊ मात्र गॉटिंगेनच्या विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकावयास गेला. तो बहिणीला विसरला नाहीं. आपलीं पाठ्यपुस्तकें तो तिच्याकडे पाठवी, आणि ती दिवसाचें काम आटोपल्यावर तीं वाचून काढी. गणिताचा पाया शाळेंत पुरेसा झाला नसल्यामुळें तिला तें वाचन सोपें गेलें नाहीं. तथापि भावाची पुस्तकें आणि स्वतःचे डोळे एवढ्याच भांडवलावर तिनें पुढील वाट धरली.

वयाच्या अठराव्या वर्षीं, म्हणजे १८८० च्या सुमारास, भांडीं धुण्याच्या पाण्याकडे तिचें लक्ष वेधलें. स्वच्छ पाणी एका रीतीनें वागतें आणि तेलकट किंवा साबणाचा अंश असलेलें पाणी निराळ्या रीतीनें वागतें, हें तिच्या ध्यानांत आलें. येथें थोडें शास्त्र सांगणें अवश्य आहे. पाण्याचे रेणु एकमेकांस ओढीत असतात. आंतल्या रेणूला ही ओढ चहूंकडून सारखी असते, पण पृष्ठावरील रेणूला वरून ओढणारें कोणी नसतें. त्यामुळें पाण्याचें पृष्ठ ताणलेल्या पडद्याप्रमाणें वागतें. म्हणूनच अलगद ठेवलेली सुई पाण्यावर तरंगते. यास पृष्ठताण म्हणतात. पाण्यावर तेल पसरलें कीं हा ताण कमी होतो, एवढें त्या वेळच्या शास्त्रज्ञांस ठाऊक होतें. परंतु किती तेलानें किती कमी होतो, आणि केव्हां होतो, हें नीट मोजण्याची रीति कोणास साधली नव्हती.

ती रीति या मुलीनें १८८२ सालीं शोधून काढली. तेव्हां तिचें वय वीस वर्षांचें होतें. येथून पुढें आम्ही त्यांचा उल्लेख आग्नेसबाई असाच करूं, कारण ज्यानें असें उपकरण रचलें त्यास मूल म्हणतां येत नाहीं. टिनाचें एक पन्हळीसारखें भांडें घ्यावयाचें: लांबी ७० सेंटिमीटर, रुंदी ५, खोली २. तें पाण्यानें कांठोकांठ भरावयाचें. त्यावर दीड सेंटिमीटर रुंदीची टिनाची पट्टी आडवी अशी ठेवावयाची कीं, तिचा खालचा भाग पाण्याच्या पृष्ठास टेकून राहील. या पट्टीमुळें पाण्याच्या पृष्ठाचे दोन भाग होतात. पट्टी उजवीकडे किंवा डावीकडे सरकविली म्हणजे एक बाजू आंखडते व दुसरी वाढते, आणि किती सरकली तें भांड्याला लावलेल्या मोजपट्टीवर वाचतां येतें. ताण मोजण्यासाठीं त्यांनीं सहा मिलिमीटर व्यासाची एक लहानशी चकती पाण्याच्या पृष्ठास टेकवून ती हलक्या तराजूनें उचलण्याची योजना केली. चकती सुटावयास जितकें वजन लागेल तितका पृष्ठाचा ताण.

या साध्या योजनेंतील खुबी वाचकांनीं लक्षांत घ्यावी. पट्टी पाण्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सरकवीत नेली कीं पृष्ठावरील सारी घाण झाडून निघते व मागें खरोखर स्वच्छ पृष्ठ उरतें. म्हणजे पट्टी ही केरसुणीही झाली. आणि पाण्यावर किंचित् तेल सोडून पट्टीनें त्यास मागें रेटीत नेलें कीं त्याच तेलाला पाहिजे तेवढ्या जागेंत दाटीनें बसवितां येतें. म्हणजे पट्टी ही मोजमापाचें साधनही झाली.

मोजमाप सुरू झाल्यावर एक चमत्कार दिसून आला. तेलाचा अंश विरळ असतांना पट्टी कितीही सरकविली तरी ताण जवळजवळ स्वच्छ पाण्याइतकाच राहतो. जागा आंखडत आंखडत एका ठराविक मर्यादेपर्यंत आली, कीं तेथून ताण एकदम झपाट्यानें उतरूं लागतो. ही मर्यादा मनास येईल तेथें पडत नाहीं. तेल दुप्पट घेतलें तर जागाही दुप्पट लागते. याचा अर्थ काय? मैदानांत विखुरलेल्या माणसांभोंवतीं दोरीचा फास आवळीत नेला, तर बराच वेळ कोणास कांहीं जाणवत नाहीं. परंतु खांद्यास खांदा भिडला कीं लगेच रेटा उत्पन्न होतो. तेलाच्या रेणूंचेंही तसेंच होतें. जेथें ताण उतरूं लागला तेथें रेणु एकमेकांस भिडले, व पाण्यावर त्यांचा अखंड असा एकच थर झाला. हा अर्थ लोकांस पुढें स्पष्ट झाला. परंतु त्या अर्थाचा पाया जें मोजमाप, तें आग्नेसबाईंनीं घरच्या मेजावर करून ठेवलें होतें.

करून ठेवलें होतें खरें, पण तें सांगावयाचें कोणास? जवळजवळ दहा वर्षें हें काम त्यांच्या वहींतच राहिलें. ज्या बाईला कोणत्याही संस्थेचा आधार नाहीं, नांवापुढें पदवी नाहीं, त्या बाईच्या लेखास शास्त्रीय नियतकालिकांत जागा मिळणें कठीणच होतें. आपण शोधलेली गोष्ट इतरांस ठाऊक आहे कीं नाहीं, हेंही त्यांस निश्चित कळत नव्हतें. विचार करावा कीं, या दहा वर्षांत त्यांनीं हें सारें व्यर्थ म्हणून टाकून दिलें असतें तर त्यांस कोणी दोष दिला असता काय?

१८९० च्या सुमारास इंग्लंडचे प्रसिद्ध पदार्थविज्ञानवेत्ते लॉर्ड रॅले हे याच विषयावर प्रयोग करीत असल्याचें त्यांच्या वाचनांत आलें. तेव्हां त्यांनीं धीर करून १० जानेवारी १८९१ रोजीं रॅले यांस जर्मन भाषेंत एक दीर्घ पत्र लिहिलें. आगंतुकपणें पत्र लिहिल्याबद्दल क्षमा मागून त्यांनीं आपण कांहीं कारणांमुळें हे प्रयोग नियतकालिकांतून प्रसिद्ध करूं शकत नाहीं असें कळविलें, आणि मग भांड्याच्या लांबीरुंदीपासून शेवटच्या अनुमानापर्यंत सर्व हकीकत क्रमानें सांगितली. त्या पत्रांत कोठें तक्रार नव्हती, कोठें आत्मस्तुति नव्हती, व कोणाकडे कांहीं मागणें नव्हतें.

येथें लॉर्ड रॅले यांचा मोठेपणा सांगितल्यावांचून आमच्यानें पुढें जाववत नाहीं. ते उमराव घराण्यांतले. पुढें १९०४ सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. परक्या देशांतील अज्ञात बाईचें पत्र त्यांनीं बाजूला टाकलें असतें तर जगास पत्ता लागला नसता. शिवाय त्यांतील आरंभींचा भाग त्यांच्या स्वतःच्या चालू कामाशीं जुळत होता; दुसरा एखादा मनुष्य त्यावर मुकाट्यानें आपला हक्क सांगता. रॅले यांनीं तसें केलें नाहीं. त्यांच्या पत्नीनें पत्राचें इंग्रजी भाषांतर केलें, व रॅले यांनीं तें नेचर या साप्ताहिकाच्या संपादकांकडे पाठविलें. सोबतच्या टिपणांत त्यांनीं अगदीं घरगुती साधनांनीं या जर्मन बाईनें मोलाचे निष्कर्ष काढले आहेत अशी ग्वाही दिली आणि पत्राच्या उत्तरार्धानें नवे प्रश्न उभे केले आहेत असें मोकळेपणानें मान्य केलें. १२ मार्च १८९१ च्या अंकांत तो लेख आग्नेसबाईंच्या नांवानें प्रसिद्ध झाला. तेव्हां त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या.

त्यानंतर दार उघडलें. पुढील तीन वर्षांत नेचरमध्यें त्यांचे आणखी लेख आले. पाण्याचें पृष्ठ हवेंतून येणाऱ्या सूक्ष्म मळानें किती सहज दूषित होतें हें त्यांनीं दाखविलें. घन मेदद्रव्यें पाण्यावर सारखीं पसरावीं म्हणून तीं बेंझीनमध्यें विरघळवून त्या द्रावाचा थेंब पाण्यावर सोडावयाचा, म्हणजे बेंझीन उडून जातें व मेदाचा थर मागें राहतो, ही युक्तिही त्यांचीच. आजही प्रयोगशाळांत हीच पद्धति चालते. १८९९ सालीं रॅले यांनीं त्यांच्या मोजमापांचा आधार घेऊन असें अनुमान मांडलें कीं, ताण जेथें उतरूं लागतो तेथें तेलाचा थर बरोबर एका रेणूच्या जाडीचा असतो. अदृश्य रेणूची उंची अशा रीतीनें प्रथमच पाण्याच्या भांड्यांत मोजली गेली.

परंतु घरचें ओझें कमी झालें नाहीं. आईबापांची दुखणीं वाढत गेलीं, स्वतःची प्रकृतिही साथ देईना, आणि प्रयोगास मिळणारा वेळ उत्तरोत्तर आटत गेला. तरी सर जॉर्ज डार्विन यांच्या भरतीओहोटीविषयक ग्रंथाचें जर्मन भाषांतर त्यांनीं पुरें केलें, व तें १९०२ सालीं प्रसिद्ध झालें. १९०६ सालीं वडील वारले. १९१३ सालीं, हायडेलबर्ग येथें प्राध्यापक असलेला भाऊ फ्रीडरिश वारला. त्याच्याबरोबर शास्त्रीय जगाशीं असलेला त्यांचा जवळचा दुवा तुटला. पुढच्याच वर्षीं आईही गेली, आणि त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. त्यानंतर त्यांच्या हातून थोडेंच लेखन झालें.

आग्नेसबाई अशा रीतीनें मागें पडत असतां त्यांचें भांडें मात्र पुढें चाललें होतें. अमेरिकेंतील आयर्विंग लँगम्यूर यांनीं तेंच तत्त्व घेऊन अधिक नाजूक उपकरण रचलें व १९१७ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेदाम्लाच्या रेणूला एक डोकें व एक लांब शेपूट असतें असें समजावें. डोक्याला पाणी आवडतें, शेपटाला पाण्याचा तिटकारा. म्हणून पाण्यावर पसरतांना हे रेणु डोकें पाण्यांत व शेपूट वर हवेंत अशा रीतीनें शेजारीं शेजारीं उभे राहतात, जणूं शेतांतील उभें पीकच. या व अशा संशोधनाबद्दल लँगम्यूर यांस १९३२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. सर्व सजीव सृष्टि पेशींची बनलेली आहे, आणि प्रत्येक पेशीभोंवतीं एक सूक्ष्म पटल असतें. तें कशाचें बनलेलें आहे? झुरिच येथें अर्नेस्ट ओव्हरटन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेंकडों द्रव्यांवर प्रयोग करून असें पाहिलें होतें कीं, जीं द्रव्यें तेलांत सहज विरघळतात तीं पेशींतही लवकर शिरतात. यावरून त्यांनीं पेशीचें पटल मेदासारख्या द्रव्याचें असावें असें अनुमान केलें. पण त्या मेदाची रचना कशी, हें कोण सांगणार?

१९२५ सालीं हॉलंडमधील लायडेन येथें गॉर्टर व ग्रेंडेल या दोघांनीं एक सुंदर प्रयोग केला. रक्तांतील तांबड्या पेशी त्यांनीं निवडल्या, कारण त्यांत पृष्ठाच्या पटलाखेरीज दुसरीं पटलें नसतात. माणूस, कुत्रा, मेंढी, ससा, शेळी व गिनीपिग यांच्या रक्तांतील पेशी मोजून घेऊन त्यांतील मेद त्यांनीं ॲसिटोननें काढून घेतलें, बेंझीनमध्यें विरघळविलें, आणि पाण्याच्या भांड्यावर पसरून पट्टीनें रेटीत नेलें. रेणूस रेणु भिडला तेव्हां व्यापलेली जागा मोजली. दुसरीकडे त्या सर्व पेशींच्या पृष्ठांचें एकूण क्षेत्रफळ हिशेबानें काढलें. मेदानें व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठाच्या दुप्पट भरली! अर्थात् पेशीचें आवरण मेदाच्या एका थराचें नसून दोन थरांचें आहे. पेशीच्या आंतही पाणी व बाहेरही पाणी. म्हणून रेणूंचे दोन पदर पाठीस पाठ लावून उभे राहतात. डोकीं दोन्हीं अंगांस पाण्याकडे आणि शेपटें मधल्या कोरड्या भागांत.

सत्य सांगावयाचें तर या प्रयोगांत दोन चुका होत्या. ॲसिटोननें सर्व मेद निघालें नव्हतें, आणि वाळलेल्या पेशींवरून काढलेलें क्षेत्रफळही खऱ्याहून कमी आलें होतें. दोन्ही चुका एकमेकींस छेदून गेल्या व उत्तर बरोबर आलें. पुढें अधिक काटेकोर साधनांनीं त्या निष्कर्षाची खात्री पटली, व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पटल प्रत्यक्ष दिसूं लागलें. या दुपदरी थराची जाडी मिलिमीटरच्या दहा लक्ष भागांपैकीं अवघे चार-पांच भाग आहे.

एवढ्या पातळ पदरावर आपलें जीवित अवलंबून आहे. त्यांतील मुख्य रेणूंस दोन शेपटें असतात, व डोक्यांत फॉस्फरसयुक्त भाग असतो. मधला थर तेलकट असल्यामुळें मिठाचे विद्युद्भारित कण त्यांतून पार जाऊं शकत नाहींत. प्राणवायु मात्र सहज जातो. मग पेशीला लागणारें मीठ, साखर इत्यादि आंत कशीं येतात? १९७२ सालीं सिंगर व निकोल्सन यांनीं मांडलेल्या चित्राप्रमाणें, या मेदाच्या थरांत प्रथिनांचे मोठे रेणु रोवलेले असून थर स्वतः प्रवाही आहे. त्यांतील रेणु सतत आडवे सरकत असतात. कांहीं प्रथिनें दरवाजाचें काम करितात, कांहीं पंपाचें. एक पंप तर सोडियमचे तीन कण बाहेर टाकून पोटॅशियमचे दोन कण आंत घेतो, व त्या विषमतेच्या बळावर आपल्या मज्जातंतूंतून संदेश धांवतात. थर प्रवाही राहणें किती अवश्य, याचा दाखला स्वयंपाकघरांतच आहे. थंडींत तूप थिजतें, पण करडईचें तेल थिजत नाहीं. कारण तेलाच्या रेणूंचीं शेपटें वांकडीं असल्यामुळें तीं दाटून बसत नाहींत. थंड पाण्यांत राहणारे जीव आपल्या पटलांत अशा वांकड्या शेपटांचें प्रमाण वाढवितात, म्हणूनच त्यांचीं पटलें गोठत नाहींत.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आपल्या फुफ्फुसांतील सूक्ष्म कोशांच्या आंतून पाण्याचा पातळ लेप असतो. त्याचा पृष्ठताण तसाच राहिला तर श्वास सोडतांना ते कोश मिटून जातील. तसें होऊं नये म्हणून त्यावर मेदाचा तवंग असतो. पृष्ठ आंखडतांना या तवंगामुळें ताण किती उतरतो हें १९५७ सालीं अमेरिकेंत क्लेमेंट्स यांनीं मोजलें, आणि तेंही पाण्याचें पृष्ठ लहानमोठें करतां येईल अशा भांड्यांतच. १९५९ सालीं डॉ. मेरी एलन एव्हरी व मीड यांनीं दाखविलें कीं, दिवस पुरे होण्यापूर्वीं जन्मलेलीं जीं बालकें श्वास न घेतां आल्यानें दगावतात, त्यांच्या फुफ्फुसांत हा तवंग पुरेसा नसतो. १९८० सालीं जपानांत फुजिवारा यांनीं तो बाहेरून देऊन अशा बालकांस वांचविण्याचा मार्ग दाखविला. आज असंख्य बालकें या उपायानें जगतात. भांडीं धुतांना ज्या तवंगानें एका मुलीस विचार करावयास लावलें, त्याच जातीचा तवंग नवजात बालकाचा पहिला श्वास राखतो.

आग्नेसबाईंचा गौरव उशिरा झाला, पण झाला. १९३१ सालीं त्यांस फ्रान्सच्या आंरी दव्हो यांच्यासह जर्मन कोलॉइड संस्थेचें लॉरा लिओनार्ड पारितोषिक मिळालें. १९३२ सालीं, त्यांच्या वयास सत्तर वर्षें झालीं तेव्हां, ब्राउनश्वाइगच्या तंत्र-विद्यापीठानें त्यांस सन्मान्य डॉक्टर ही पदवी अर्पण केली. ज्या गांवांत त्यांस विद्यार्थिनी म्हणून उच्च शिक्षण मिळालें नाहीं, त्याच गांवानें त्यांस पंडिता म्हणून मान दिला. तेथेंच २१ नोव्हेंबर १९३५ रोजीं त्यांचें देहावसान झालें. शास्त्रीय ग्रंथांतून तवंगाच्या त्या विशिष्ट मर्यादेस आजही त्यांचें नांव जोडलें जातें.

या चरित्रापासून बोध कोणता घ्यावा? साधनें नसलीं तरी चालतें, असा बोध कोणी काढील. तो आम्हांस मान्य नाहीं. आग्नेसबाईंस प्रयोगशाळा मिळाली असती तर त्यांनीं काय केलें असतें, याचा विचार मनांत आला कीं आमचें मन खिन्न होतें. रॅले यांस त्यांचें पत्र पोचलें. परंतु लिहिलींच गेलीं नाहींत अशीं पत्रें किती असतील? आम्हांस स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक हुशार मुलगी घरीं आई आजारी म्हणून शाळा सोडून गेली. आम्हीं तिच्या मातृभक्तीची वाखाणणी केली, आणि हजेरीपटांतून तिचें नांव खोडलें. तिच्या हातीं एखादें पुस्तक द्यावें, हें आम्हांस सुचलें नाहीं. फ्रीडरिशला तें सुचलें होतें, आणि तो तर वयानें विद्यार्थीच होता.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस विनंति दुहेरी आहे. ज्यांस शिक्षणाची संधि मिळाली आहे त्यांनीं घरीं राहिलेल्या बहिणीला आपलीं पुस्तकें वाचावयास द्यावीं, आणि तिनें कांहीं विचारलें तर हंसूं नये. आणि ज्यांच्या वांट्यास घरचें काम आलें आहे त्यांनीं त्या कामांतही डोळे उघडे ठेवावे, वही जवळ बाळगावी, दिसेल तें मोजावें, व पत्र लिहावयाची वेळ आली तर संकोच न धरितां लिहावें. तें वाचणारा कोणी तरी भेटेल, अशी आम्हांस आशा आहे. आणि तो आपल्या शाळेंतूनच निघावा, अशी आमची इच्छा आहे.